लांबलेलं बारसं

दवाखान्यातून प्रियंका घरी पोचली, तर दारात चपलांचा ढीग. आत नवऱ्यानं, धनाजीनं, पाळणा बांधून ठेवलेला, त्याला पेठेतून आणलेली नवी लाल झालर, गॅसवर घुगऱ्यांचं पातेलं, आणि गल्लीतल्या सात-आठ बायका सतरंजीवर ऐसपैस बसलेल्या. सासूबाई, कस्तुराबाई, नवं लुगडं नेसून मधोमध.

दोन महिन्यांची लेक छातीशी धरून प्रियंका सरळ आतल्या खोलीत गेली. मागोमाग सासू आणि दवाखान्यातून सोबत आलेली दाक्षायणी.

गल्लीत दाक्षायणीची ओळख धनाजीची मावसबहीण अशी होती. खरं तर ती दवाखान्याकडून येणारी ताई. पोटुशी असताना प्रियंकाला एचआयव्ही निघाला, त्या आठवड्यापासून तिचं येणं-जाणं सुरू झालं. तिला स्वतःला तो अकरा वर्षांपूर्वी निघाला होता, पण तिचं हसू अजून तीन घरं पलीकडे ऐकू जायचं.

"आई, मी काय म्हन्ले हुते? रिपोट आल्याबिगर बारसं न्हाय," प्रियंका दबक्या आवाजात म्हणाली.

"मग? आला का?"

"आला की, मावशी. निगेटिव्ह! पोरीला काय न्हाय," दाक्षायणीनं सांगितलं.

कस्तुराबाई मटकन खाली बसल्या. पदर डोळ्यांना लावून त्यांनी बिरुदेवाला हात जोडले.

"आन् वाईट आला असता तर?" प्रियंकानं विचारलं. "बायका बोलावून बसलाय की तुमी."

"तर काय? पोरीला नाव नगं व्हय?"

"हा पयला रिपोट हाय. सा म्हयन्याचा ऱ्हायलाय, मग वर्साचा. अठरा म्हयन्याचा आला की ठिवू नाव."

"तवर पोरगी गल्लीभर पळंल! काय म्हनून हाक मारायची? ए अठरा म्हयने, हिकडं ये?"

दाक्षायणी खो-खो हसली. प्रियंका हसली नाही. बाळंत झाल्यापासून ती अशीच होती. स्वतःची गोळी वेळेवर, लेकीचं औषध वेळेवर, दुपटी लख्ख धुतलेली. पण अंगाई नाही की लाडाचा शब्द नाही. सासूनं पाळण्याजवळ गाणं धरलं की ही मोरीत भांडी घेऊन बसायची.

"नाव ठिवलं की जीव गुंततो, ताई," ती खाली बघत म्हणाली. "मग पुढं काय वंगाळ झालं तर मी काय करू?"

दाक्षायणीनं तिचा हात हातात घेतला. "माज्या पोरीच्या टायमाला मीबी हेच म्हनत हुते. आता पाचवीला हाय ती. लई उलटं बोलती."

बाहेरून शेजारच्या बजाबाईंनी आरोळी ठोकली, "अवो, मुहूर्त टळतोय की! लेकरू आना!"

कस्तुराबाईंनी सुनेला विचारलंच नाही. नात उचलली आणि नेऊन पाळण्यात घातली. लगेच नावावरून जुंपली. एकीला देवीचं नाव पाहिजे, दुसरीला मालिकेतलं, बजाबाईंना तर स्वतःच्या आईचं. आठ बायकांची नऊ नावं! त्या गलबल्यानं बाळ दचकलं आणि त्यानं टाहो फोडला.

प्रियंका आतून धावतच आली.

"आले गं, आले! कोन वरडलं माज्या राजनंदिनीला? हां? कुनी भेवाडलं माज्या राजनंदिनीला?"

बाळ हुंदका देऊन गप्प झालं. लेकीला छातीशी धरून प्रियंका पाळण्याशी उभी राहिली. आपण काय बोलून गेलो ते ध्यानात आलं आणि तिचे कान लालबुंद झाले.

"राजनंदिनी?" कस्तुराबाईंनी विचारलं. "कदीपास्नं म्हन्तीस गं?"

"पोटात हुती तवापास्नं," प्रियंका म्हणाली. "दार लावून म्हनायचे." आणि ती सगळ्यांदेखत रडायला लागली, रडता रडता हसायला लागली. कितीतरी दिवसांनी तिला इतकं मोकळं वाटत होतं. तिनं लेकीचे दोन्ही गाल पटापटा मुके घेऊन ओले केले.

बजाबाईंनी हनुवटीला हात लावला. "घ्या! आईनंच नाव ठिवलं. आता आत्याचं काय काम ऱ्हायलं?"

"मार खायला हाय की मी!" दाक्षायणी पुढं झाली. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि पाठ वाकवली.

बायकांचे हात उठायच्या आत पहिला धपाटा प्रियंकानंच घातला, आणि तो चांगला सणसणीत होता.