प्रश्न लिफ्टचा

उत्तर आलं तेव्हा वकीलबाई उभ्यानंच चहा पीत होत्या. त्यांनी कागद वाचला आणि समोर बसलेल्या आजींकडे सरकवला.

आजींनी चष्मा लावला. ‘सरकारी रुग्णालयातील लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ती कधी सुरू होणार?’ असा लेखी प्रश्न होता. खाली आरोग्यमंत्र्यांचं उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे.’

"लिफ्ट अंशतः कशी बंद असते?" आजींनी विचारलं.

"दार उघडतं," वकीलबाई म्हणाल्या. "वर जात नाही."

दोघी हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही.

वकीलबाई पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या आणि विरोधी बाकावर बसत. वकिली मागे पडली तरी लोकांच्या तोंडी नाव तेच राहिलं होतं. आजी तर त्यांच्या मतदारसंघातल्याही नव्हत्या. एका सकाळी काठी टेकत आल्या आणि मैत्रिणीची हकिगत सांगू लागल्या. बागेतल्या बाकावर रोज शेजारी बसणारी मैत्रीण. तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. नेमानं व्यायाम केला तर पुन्हा चालाल, असं डॉक्टर म्हणाले. पण व्यायामाची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. दोन माणसं तिला खुर्चीत बसवून जिन्यानं वर न्यायची. एकदा वळणावर एकाचा पाय घसरला. थोडक्यात निभावलं, पण मैत्रिणीनं जी धास्ती घेतली ती घेतलीच. आता ती घराचा उंबरा ओलांडायला तयार नव्हती, आणि हात-पाय दिवसेंदिवस आखडत चालले होते.

"माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका," एवढीच आजींची अट होती. वकीलबाईंना त्यात नवल वाटलं नाही. सरकारशी उघड वाकडं घ्यायला कोण पुढे येतं?

"पुन्हा विचारते," वकीलबाई आता म्हणाल्या. "जरा कडक शब्दांत."

"कडक नको. कडक विचारलं की माणूस आणखी गुळगुळीत होतो." आजींनी चष्मा पुसला. "आमचा धाकटा असाच होता. अभ्यास झाला का म्हटलं की सांगायचा, बसलोय. खोटं कधी बोलला नाही. पण हाती काही लागूही दिलं नाही."

"मग तुम्ही काय करायचात?"

"कुठल्या पानावर आहेस, ते विचारायची."

वकीलबाईंनी कप खाली ठेवला. "तारीख मागितली तर तारीखच द्यावी लागते," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आणि सभागृहाला खोटी तारीख देणं मंत्र्याला महागात पडतं."

त्यांनी कोरा कागद ओढला. लिफ्ट कोणत्या तारखेस बंद पडली? दुरुस्तीस मंजुरी कोणी आणि कोणत्या तारखेस दिली? दिली नसल्यास, ती देण्याचा अधिकार कोणाचा? शेवटची मेख वकीलबाईंची होती. आजींनी फक्त एका ठिकाणचा ‘का’ खोडायला लावला. का म्हटलं की कारणंच मिळतात, असं त्यांचं म्हणणं.

"धाकटा काय करतो आता?" कागदाची घडी घालताना वकीलबाईंनी सहज विचारलं.

"कामात बुडालेला असतो. सगळ्यांची मर्जी राखायची म्हणजे दमतो बिचारा. मनाचा चांगला आहे हो. मागे लागावं लागतं, एवढंच."

या वेळी उत्तर यायला वेळ लागला, पण जे आलं ते सरळ आलं. लिफ्ट ऐन उन्हाळ्यात बंद पडली होती. मंजुरी कोणीही दिलेली नव्हती. आणि ती देण्याचा अधिकार माननीय मंत्रिमहोदयांचा होता.

वर्तमानपत्रांनी ते उत्तर जसंच्या तसं छापलं. वर शेरा मारायची कुणाला गरजच वाटली नाही. दुसऱ्या दिवशी सही झाली आणि आठवडा संपायच्या आत रुग्णालयात मिस्त्री दिसू लागले.

पक्षाचे नेते वकीलबाईंची पाठ थोपटायला आले. "खात्यात कुणीतरी तुमचं माणूस आहे," ते डोळे मिचकावत म्हणाले. "एखादा नाराज अधिकारी?"

"नाही. एक आजी आहेत."

नेत्यांनी ते विनोदावारी नेलं.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी मंत्री स्वतः रुग्णालयात आले. वकीलबाईही गेल्या. लिफ्टच्या दारापाशी दोघं समोरासमोर आली.

"प्रश्न नेमका होता तुमचा," मंत्री म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पळायला फट ठेवली नाहीत. या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण असं कोंडीत कुणी पकडलं नव्हतं. कुणाचं डोकं हे?"

"ते सांगता येणार नाही."

"सांगा की," मंत्र्यांच्या पाठीमागून आवाज आला. "आता काम झालंय."

आजी मैत्रिणीची चाकाची खुर्ची ढकलत येत होत्या. मैत्रिणीनं केस नीट विंचरले होते. दारावरच्या आकड्यांकडे ती डोळे लावून बसली होती. "वर जाते ना नक्की?" तिनं विचारलं.

"जाते. मी आत्ताच जाऊन आले," आजी म्हणाल्या. "आणि प्रश्न माझा होता."

मंत्री वळले. आजूबाजूचे अधिकारी उगाच भिंतीकडे बघू लागले.

"आई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला घरीच विचारायचंस ना."

"विचारलं होतं," आजींनी बटण दाबलं. "बघतो म्हणालास."