अंगातली किरणं

"मॅडम, ज्याला कॅन्सरचे शेक दिलेत, त्याच्या अंगातून किरणं बाहेर पडतात का?"

रेश्माने उभं राहून विचारलं. फळ्यावर युरेनियम लिहिलेलं होतं. काही अणूंचं केंद्रक अस्थिर असतं, त्यातून आपोआप अल्फा, बीटा, गॅमा किरणं निघत राहतात, असं मनवा मॅडम नुकतंच सांगत होत्या.

"शेक मशीनने, बाहेरून दिलेत?"

"हो. नगरला."

"मग नाही. भिंतीवर बॅटरीचा उजेड पाडला आणि बॅटरी विझवली, तर भिंत उजळत राहते का? मशीन बंद झालं की किरणं संपली. त्या माणसाला खुशाल मिठी मार."

रेश्मा खाली बसली. पुढचं तिला काही ऐकू आलं नाही.

तिची आई लंकाबाई नगरहून आल्यापासून शेतातल्या रिकाम्या कांदाचाळीत राहत होती. तिच्या अंगातली किरणं पोरीला बाधतील, असं बापाने, सुनीलने, सांगितलं होतं. लंकाबाईलाही ते पटलं होतं. रेश्मा ताट लांब ठेवून मागे सरायची. एकदा ती न राहवून जवळ गेली, तर आईने खडे मारून तिला पळवलं होतं.

आज शाळा सुटल्यावर ती तडक चाळीत शिरली. आईने खडा उचलला. रेश्मा थांबली नाही. आईच्या गळ्यात पडून तिने सगळं सांगितलं. लंकाबाई आधी ताठ राहिली. मग तिने पोरीची वेणी सोडली, पुन्हा घातली, पुन्हा सोडली.

दोघी गोधडी घेऊन घरी आल्या. सुनील ओट्यावर बसला होता.

"पप्पा, किरणं अंगात ऱ्हात न्हाईत," रेश्मा म्हणाली. "तुमाला कुनी सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं हुतं. डॉक्टरांनी, पहिल्याच दिवशी."

लंकाबाईच्या हातातली गोधडी खाली घसरली.

"मंग मला तिकडं का टाकलं तुमी?"

सुनीलने पोरीकडे पाहिलं नाही.

"शेक दुखनं कमी व्हावं म्हनून दिल्ते. बरं व्हायला न्हाई," तो म्हणाला. "पोरीला तुझ्याबिगर ऱ्हायची सवय लागावी म्हनलं. लागत आली हुती."