बसण्याचा पगार

“तू झोप जरा,” वैजनाथ म्हणाला. “मी आहे जागा.”

को-पायलट तेजसला एवढंच हवं होतं. “थोडा वेळच, सर,” म्हणत त्याने खुर्ची मागे सरकवली आणि मान टाकली. नियमात हे बसतं. उड्डाण शांत असलं की दोघांपैकी एकाने डुलकी काढायची, दुसऱ्याने डोळे उघडे ठेवायचे. मागे बसलेल्या दीडशे माणसांना हे कुणी सांगत नाही, आणि न सांगितलेलंच बरं.

पहाटे दिल्लीहून निघालेलं विमान पुण्याकडे चाललं होतं. चाललं होतं म्हणजे स्वतःचं स्वतःच चाललं होतं. वैजनाथच्या वडिलांना, अप्पांना, नेमकं हेच खुपायचं. अप्पांचा सारा जन्म कसबा पेठेत गेला आणि नोकरी बँकेत झाली. “यंत्र उडवतं आणि पगार तुला?” ते विचारायचे. “आमच्या बँकेत नुसतं बसण्याचे एवढे पैसे कुणाला दिले नाहीत. बसणारे पुष्कळ होते.”

वैजनाथला याचं उत्तर कधी जमलं नाही. पगाराचा आकडा मोठा दिसायचा, हे खरंच होतं. पण यंदापासून कंपनीने पद्धत बदलली होती. विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ तेवढा धरायचा. जमिनीवर ताटकळणं फुकट. आजारी पडलात, पगार नाही. दमलोय म्हणून नकार दिलात, तरी नाही. वाघोलीच्या फ्लॅटचा हप्ता मात्र दमत नाही. म्हणून काल ड्यूटी लावणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, “कॅप्टन, अजून एक फेरी घ्याल?” तेव्हा तो हो म्हणाला.

त्याची बायको श्यामला दारातच उभी होती. “अहो, आरशात डोळे बघा आपले,” एवढंच बोलून ती आत निघून गेली. ती रागावली नव्हती, घाबरली होती. ते त्याला कळलं, तरी त्याने बॅग उचलली.

आता ऊन काचेतून मांडीवर येऊन बसलं होतं. खाली पिंजलेल्या कापसासारखे ढग, आणि कानात इंजिनांची एकसुरी घरघर. वैजनाथने गालावर चापट मारून घेतली. पाणी प्यायला. डोळे ताणले. आज घरी गेलं की सांगून टाकायचं, जादा फेरी बंद. हप्त्याचं बघू काय ते.

मग सगळं सोपंच होत गेलं.

तेजस ताजातवाना होऊन उठला. “सर, मस्त झोप झाली.” पुण्याची धावपट्टी हवाई दलाची. आधी त्यांची विमानं, मग आपण, तोवर घिरट्या. पण आज टॉवरवाला म्हणाला, “या, वाट मोकळीच आहे.” चाकं इतकी अलगद टेकली की मागच्या तान्ह्या बाळाचीही झोप मोडली नसेल.

नगर रोडसुद्धा रिकामा होता. असा एखादा दिवस उगवतो म्हणायचं.

“आज सुट्टी आहे का हो?” त्याने ड्रायव्हर धोंडिबाला विचारलं.

“तुमच्यासाठीच मोकळा ठिवलाय, साहेब,” धोंडिबा हसला. काचेवर गुलमोहराच्या पाकळ्या पडत होत्या. त्या पुसायची कुणालाच घाई नव्हती.

घरी श्यामलाने वरणभात वाढला, वर चमचाभर तूप. तेवढ्यात फोन वाजला. तिनेच उचलला. “ते झोपणार आहेत,” ती म्हणाली. “नाही, उद्याही येणार नाहीत.” आणि पलीकडून चक्क ‘बरं’ असं उत्तर आलं. वैजनाथला इतकं हलकं वाटलं की घास हातातच राहिला आणि डोळे भरून आले.

अप्पा खिडकीपाशी बसले होते. ते कसब्यातून कधी आले, हे त्याने विचारलं नाही.

“वैजू, विचार केला मी,” ते म्हणाले. “तुला बसण्याचा पगार मिळत नाही.”

“मग कशाचा, अप्पा?”

“जागं राहण्याचा. सगळ्यांनी खुशाल झोपावं म्हणून एकाने जागं राहायचं. त्याचे किती द्यावेत, हे आमच्या बँकेलासुद्धा सांगता आलं नसतं. कमीच देतात तुला.”

अप्पांनी आयुष्यात कुणाला ‘तुझं बरोबर’ म्हटलं नव्हतं. वैजनाथला वाटलं, याच एका वाक्यासाठी आपण इतकी वर्षं आकाशात फिरत होतो. तो त्यांच्या पायाशी जाऊन बसला. अप्पांनी त्याच्या केसांतून हात फिरवला.

“दमलास रे,” ते म्हणाले. “झोप आता.”

श्यामलाने पडदा ओढला. गादी गार होती. तो आडवा झाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला कसलीच काळजी उरली नाही.

रेडिओवरून पुण्याचा टॉवर त्यांच्या विमानाला पुन्हा पुन्हा हाका मारत होता. पुणं कधीच मागे पडलं होतं. तेजसची मान अजून छातीवरच होती, आणि शेजारच्या खुर्चीत वैजनाथचीही.