बदल नाही

नवव्या सकाळीही फोनवर तेच उमटलं: माती ओली आहे. बदल नाही.

अक्षताने कपाळाला हात लावला. अंधेरीच्या ऑफिसात तिनं लिहिलेली मॉड्यूलं शेकडो सर्व्हर सांभाळत. ऑटोमेशनच्या तयार साधनाला जे काम जमत नसे, त्यासाठी छोटासा प्रोग्राम लिहून ती त्याला जोडून द्यायची. नियम एकच. आधी बघायचं, काम झालेलं असेल तर हात लावायचा नाही, 'बदल नाही' एवढं कळवायचं. तसंच एक तिनं मुलुंडच्या घरी, बाल्कनीतल्या तुळशीसाठी लिहिलं होतं. सहाला माती तपासायची, कोरडी असेल तर मोटर लावून पाणी घालायचं.

हे सारं आईसाठी. जानकीबाईंचा एकतीस वर्षांचा नेम: उजाडायच्या आत तुळशीला पाणी, मगच चहाचा घोट. चैत्रात झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. वॉकर आणला, पण पहिल्याच दिवशी ती दोन पावलांत कोसळली, तीही शेजारपाजाऱ्यांदेखत. त्यानंतर तिनं वॉकरचं नाव काढू दिलं नाही. मग तो हॉलमध्ये आईच्या पलंगाशी, टॉवेल वाळत घालायला उभा असे. टॉवेलही मेला रोज सकाळी खाली पडलेला. अक्षता उचलून परत टाकी.

तुझा नेम मोडू देणार नाही, असा शब्द तिनं आईला दिला होता. आणि मोटर एकदाही फिरली नव्हती.

मातीतला सेन्सर तिनं दुपारी कोरड्या मातीत खोचून पाहिला. बरोबर कोरडी म्हणाला. मग तिनं ऑफिसातल्या मुकुलला मॉड्यूल ओळ न् ओळ वाचायला लावलं.

"बरोबर आहे गं," तो म्हणाला. "तुझी तुळसच थापा मारते."

संशय बाबांवर गेला. गुणाजी साडेपाचला फिरायला जात, साडेसहाला दूध घेऊन परतत. विचारलं तर तेच उखडले.

"तुझ्या वायरींका मी हातव लावूक नाय. शॉक लागलो मगे?"

संध्याकाळी ती आईच्या पायथ्याशी बसली.

"आई, तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या यंत्रानं अजून एक थेंबही घातलेला नाही. ते काढून टाकते, उद्यापासून मीच उठते."

आईनं डावा हात तिच्या हातावर ठेवला. शब्द जुळवायला तिला वेळ लागे.

"तू झोप गं. ते... नुसतं बघतंय ना? तेवढं पुरे."

आई आपली समजूत घालतेय, हे अक्षताला जास्तच लागलं. तिनं मॉड्यूल दर मिनिटाला माती तपासेल असं बदललं, आणि पहाटे आपल्या खोलीचं दार लोटून फोन हातात घेऊन बसली.

साडेपाचला बाबा कडी लावून गेले. कोरडी. कोरडी. पाच एकेचाळीस, कोरडी.

पाच बेचाळीस. ओली.

तिनं हलकेच दार किलकिलं केलं. टॉवेल जमिनीवर होता. पलंग रिकामा. बाल्कनीच्या उंबऱ्याशी वॉकर, त्याच्या दांडीला कापडी पिशवी, पिशवीत तांब्या. आणि वॉकर धरून, डोक्यावर पदर घेऊन, आई उभी होती.