पार्माला दोन तास

नोटरीबाईंनी कीबोर्ड पुढे ओढला आणि विचारलं, "कुठले कुठले देश?"

नेलूनं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचायला लागला. हंगेरी, ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स, स्पेन. ऑगस्टच्या दोन तारखेपासून सतरापर्यंत. बाईंना टाइप करता यावं म्हणून प्रत्येक देशापाशी तो जरा थांबत होता, आणि त्या थांबण्यातही त्याला मजा येत होती.

वासिलिका शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला फक्त सही करायची होती. मुलं एकट्या बापाबरोबर देशाबाहेर जाणार तर आईची लेखी संमती लागते, आणि ईस्टरची सुटी संपवून ती परवा इटलीला कामावर परतणार होती. म्हणून नेलूनं आजचीच वेळ घेतली होती. चौदा वर्षांचा सिल्वियू भिंतीला टेकून फोनमध्ये डोकं घालून उभा होता. नऊ वर्षांची इलिंका बाईंच्या टेबलावरचे शिक्के न्याहाळत होती.

हा बेत वासिलिकाला कळला तो काल, जेवणं झाल्यावर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला गेला, तो तिनं पुसलेलं टेबल वाळायच्या आत. पहिला मुक्काम बुडापेस्ट, मग व्हिएन्ना, मग व्हेनिस, शेवटी बार्सिलोनाचा समुद्र. एवढ्या लांब गाडी चालवणं एकट्याला झेपायचं नाही, म्हणून आळीपाळीनं चालवायला नेलूचा भाऊ दोरेल. दोरेल म्हटल्यावर त्याची बायको आलीच. झाल्या पाच जागा. गाडी वासिलिकाच्या पगारातून आलेली होती, पण तो विषय कुणी काढला नाही. तिनंही नाही. आपलं नाव कुठे येतंय याची ती वाट बघत राहिली.

ते आलं सहलीच्या पाचव्या दिवशी. पार्मा, दोन तास. इटलीतलं तिचं काम तिथेच होतं. ती ज्या म्हातारीला सांभाळते तिच्या गल्लीत गाडी लावायला जागा नसते, तेव्हा वासिलिकानं सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये यायचं. येताना पाच माणसांचं जेवण बांधून आणायचं. धुतलेल्या दोन चादरी दिल्यास तर बरं होईल, असं दोरेलच्या बायकोनं फोनवरून सुचवलं होतं. वासिलिकानं ते सगळं ऐकून घेतलं आणि राहिलेली भांडी घासली.

"या तारखांना आई कुठे असेल?" नोटरीबाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"आई पार्किंगमध्ये," इलिंका म्हणाली.

ती चेष्टा करत नव्हती. तिला जे ठाऊक होतं ते तिनं सांगितलं. बाईंची बोटं थांबली. नेलू घाईघाईनं हसला आणि समजावून सांगू लागला, की म्हातारीचा मुलगा ऑगस्टमध्ये समुद्रकिनारी जातो, त्यामुळे हिला त्या महिन्यात सुटी मिळत नाही, ते आम्ही धरूनच चाललो होतो.

"मला विचारलंस?" वासिलिका म्हणाली.

विचारायचं काय त्यात, असं नेलूचं म्हणणं पडलं. आठ वर्षांत ती ऑगस्टमध्ये एकदा तरी घरी आली होती का?

"आठ वर्षांत मला एकदा तरी बोलावलंस का?"

आवाज चढला नव्हता, तरी सिल्वियूनं फोन खिशात टाकला. वासिलिका नोटरीबाईंकडे वळली.

"बाई, हा कागद राहू दे. दुसरा करा. मुलं माझ्याबरोबर जाणार आहेत. संमती याची घ्या."

"आणि गाडी कोण चालवणार?" नेलूनं बाईंकडे बघत विचारलं, त्याही हसतील अशा आशेनं. "तू?"

वासिलिकानं पर्समधून इटलीचा वाहन परवाना काढून टेबलावर ठेवला. आठवड्यातून तीनदा ती म्हातारीला डायलिसिसला नेत होती, हिवाळ्याच्या धुक्यात, परक्याच्या गाडीतून, चार वर्षं.

"पास झाले त्या दिवशी तुला फोन केला होता. तू म्हणालास, छान. आणि वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं ते विचारलंस."

नेलूला काही आठवेना. तो कामाचं काय, असं पुटपुटला. म्हातारीच्या मुलाला आजच कळवते, वासिलिका म्हणाली. आठ वर्षं दर ऑगस्टला त्याच्या आईपाशी मी बसले, या वर्षी त्यानं बसावं. काढून टाकलं तर टाकू दे.

नोटरीबाईंनी परवाना उचलून तारीख बघितली, जपून जागच्या जागी ठेवला.

"तुम्ही दोघंही बरोबर जात असाल, तर कागद लागतच नाही," त्या म्हणाल्या. "एकाला मागं ठेवायचं असलं तरच हा खटाटोप. काय करू सांगा. बाहेर लोक खोळंबलेत."

इलिंका बापाकडे बघत होती, सिल्वियू जमिनीकडे. नेलूनं हातातला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग परक्या बाईसमोर, पोरांसमोर, मान खाली घालून त्यानं विचारलं,

"म्हणजे... मी येऊ का?"

"बाई, याच्या संमतीचा कागद कराच," वासिलिका म्हणाली आणि तिनं पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"आधी सही कर."