मुके दुखणे

प्रशिक्षकांनी मांडीवर अंगठा दाबला आणि भिंगरी नेहमीप्रमाणे विव्हळली, "आई गं, मेले."

बाकावरच्या मुली खदखदून हसल्या. "सर, पोटच्या पोरीवर तरी दया करा," एक म्हणाली. "उद्या तिला पळायचंय."

क्रीडागृहाच्या त्या खोलीत ही परीक्षा ठरलेलीच असे. जी लंगडताना दिसे, तिची मांडी प्रशिक्षक दाबून पाहत. "मांसाचं दुखणं बोंबलतं," ते सांगत. "दाबलं की ओरडतं आणि तीन-चार दिवसांत पळून जातं. सांध्याचं दुखणं मुकं. ते आत एका जागी दबा धरून बसतं." ओरडणारीला धावण्याची मुभा मिळे. गप्प राहणारीची रवानगी डॉक्टरांकडे होई.

भिंगरीची मांडी ठणठणीत होती. जिना उतरताना सुई टोचे ती उजव्या गुडघ्यात. सकाळी तो सुजलेला असे. म्हणूनच ती वेळेवर ओरडायला शिकली होती. उद्या संघाची निवड होती, आणि वयाच्या अटीमुळे तिच्यासाठी ती अखेरची होती.

प्रशिक्षकांनी अंगठा उचलला नाही. "बाकीच्यांनी घरी जा," ते म्हणाले.

खोली रिकामी झाली. मलमाचा उग्र वास तेवढा मागे राहिला.

"निवडीआधी विश्रांती म्हणून आठवडाभर तुला एक पाऊल पळू दिलं नाही. मग मांडी कशानं दुखते?"

आपले ओरडणेच आपल्या मुळावर आले, हे भिंगरीला उमगले.

"उद्या तू धावणार नाहीस."

मैदानावर ती त्यांना कधी बाबा म्हणत नसे. आज म्हणाली. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्यांदा ओरडलीस तेव्हाच. लहानपणी कपाळाला टाके घातले, तरी तू हूं की चूं केलं नव्हतंस. खरं दुखलं की तू बोलत नाहीस."

भिंगरीने मान वर केली. पहिल्यांदा ती ओरडली, त्याला आता वर्ष होत आले होते. तेव्हा गुडघा नुसता कुरकुरत होता.

"मग तेव्हाच का नाही थांबवलंत?"

बाबांनी तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर अलगद तळहात ठेवला. ते काहीच बोलले नाहीत, अगदी तिच्यासारखे.