एकमताने

“वर कर हात. सगळ्यांना दिसू दे.”

कापिटोलिनाने, म्हणजे आमच्या कापाने, हात वर केला. तळव्यावर जांभळ्या पेन्सिलीने एक्केचाळीस लिहिलेलं होतं. युनियनचा अध्यक्ष अर्खिप सावेलिच याने तिचं मनगट धरून तळवा सभागृहाकडे वळवला. बाजारात कोंबडी उलटी धरून दाखवावी, तसा.

“हा घ्या पुरावा, कॉम्रेड्स! मंगळवारी भर शिफ्टमध्ये ही बाई बुटांच्या रांगेत उभी होती. देश आपल्या कारखान्याच्या बेअरिंगांची वाट बघतोय, आणि हिला बूट हवेत!”

“जुन्यांचे तळ गेलेत,” कापा म्हणाली. “बर्फ आत येतो.”

“बर्फ कुणाच्या बुटात जात नाही? म्हणून सगळे काम टाकून पळतात का?”

सभागृहात हीटर बंद होते, म्हणून सगळ्यांचे हात बाह्यांत दडलेले.

ती जांभळी पेन्सिल आमच्या गावाला चांगली ठाऊक आहे. रांगेत नंबर लावला की तळवा थुंकीने ओला करायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. वाळूने घासा, रॉकेलने घासा, आठवडाभर निघत नाही. नास्तास्या आजीला पुरलं तेव्हा तिच्या तळव्यावर साखरेच्या रांगेचा नंबर होता. तिच्या मागचा नंबरवाला कबरीपर्यंत विचारत आला, आता हिची जागा माझीच ना? खोटं वाटत असेल तर चला, कबर दाखवतो.

मंगळवारी दुकानावर धाड पडली. नवा हुकूमच निघाला होता, कामाच्या वेळेत जो बाहेर सापडेल तो कामचुकार. धाड बघून अख्खी रांग मागच्या दाराने पसार झाली. कापा तेवढी उरली. एक तर ती गल्ल्यापाशी पोचली होती. दुसरं म्हणजे शेजारच्या मशीनवरची रिम्मा तिला सांगून गेली होती, “कापा, माझी जागा धर गं. तुझ्या मागे मीच आहे. फोरमनला तोंड दाखवून आलेच.” कापा दोघींची जागा धरून उभी राहिली आणि एकटी पकडली गेली.

पगार कापला असता तर तिने तोंडातून ब्र काढला नसता. पण ठराव वेगळाच होता. घराच्या यादीतून तिचं नाव काढून सगळ्यात शेवटी टाकायचं. बराकीच्या एका खोलीत ती, तिची आई आणि मुलगा चादरीचा पडदा टांगून राहत होते. नव्या इमारतीत तिला घर मिळणार हे ठरलेलं होतं. म्हातारीने खिडकीचे पडदेसुद्धा शिवून ठेवले होते.

“ठरावाच्या बाजूने कोण?” अर्खिप सावेलिचने विचारलं आणि रिवाजाप्रमाणे स्वतःचा हात आधी वर केला.

आमच्या कारखान्यात एकमताशिवाय दुसरं मत कधी झालंच नव्हतं. हात आपोआप वर जात. झोपलेल्यांचेही जात.

आताही गेले. तळवे मंचाकडे. सभागृहात बसलेल्यांना एकमेकांच्या पाठी दिसत होत्या. तळवे दिसत होते ते मंचावर उभ्या असलेल्या कापाला.

एकोणीस. सत्तावन्न. एकशे चार. भट्टीवरचे मिशाळ बाप्ये, कँटीनच्या बायका, तो फोरमनसुद्धा. जांभळं पीकच उगवलं होतं. तिसऱ्या ओळीत रिम्मा बसली होती. मान खाली, हात वर. बेचाळीस.

कापा अध्यक्षाकडे वळली.

“अर्खिप सावेलिच,” ती म्हणाली, “हात मोजू नका. वाचा.”

त्याने समोर पाहिलं. सभागृह त्याच्याच तळव्याकडे बघत होतं. त्यावर सात होता.

“काय हो अध्यक्ष,” मागून कुणीतरी म्हणालं, “सातव्या नंबरला आत फर असलेले बूट मिळाले का?”

हात खाली घ्यावा तर ठरावाच्या विरोधात गेल्यासारखं. तसाच धरावा तर आकडा दिसतो. मग अध्यक्षाची बोटं हळूच मिटली. पहिल्या ओळीची मिटली. दुसरीची. बघता बघता सगळ्या सभागृहाच्या मुठी झाल्या. हवेतच राहिल्या. रिम्माची मूठ इतकी घट्ट की नखं तळव्यात रुतली असतील.

कापाने आपला हात वर केला. पाची बोटं फाकवून.

“मी विरोधात,” ती म्हणाली. “लिहून घ्या.”

मंचाच्या कोपऱ्यात कारखान्याच्या भित्तिपत्रकाचा फोटोग्राफर होता. त्याने नेमका तेव्हाच खटका दाबला.

दुसऱ्या दिवशी फोटो फाटकावर लागला. शेकडो उगारलेल्या मुठी. खाली ठळक अक्षरांत ‘कामचुकारांवर कामगारांचा संताप. ठराव एकमताने मंजूर.’

फोटोची एक कड जरा वाकडी होती. तिथे कात्रीने एक उघडा हात कापून टाकला होता.